पाहुण्याची पाहुणी

गेल्या रविवारी दुपारची भांडी आवरून जरा बसले होते, तोच बोरीच्या एक मावशी घरी आल्या. पाण्याचा तांब्या पुढे केला, तो हातात धरून बसल्या. त्यांची मुलगी नर्सिंगचा कोर्स करून पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. जावई मस्कतला एसीच्या कामावर आहेत, आता त्यांना बायकोला नेण्याची परवानगी मिळते आहे. "नोकरी सोड आणि निघून ये," असा त्यांचा रोज फोन. मावशी म्हणाल्या, "बाय, तू अठरा वर्षं तिथं काढलीस. मला खरं काय ते सांग. पोरीला पाठवू का नको?"

पुढच्या रविवारी सांगते म्हणून मी त्यांना चहा पाजून वाटेला लावले. उत्तर तोंडावर होते, पण ते कुठून सांगायला सुरुवात करावी ते सुचेना. आपल्या वाचक भगिनींपैकी अनेकींच्या घरचे कोणी ना कोणी आखातात आहे. तेव्हा मावशींना द्यायचे उत्तर आधी येथेच लिहिते.

आमचे हे शेव्याच्या बंदरात एका ठेकेदाराकडे क्रेनवर होते. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण तालुक्यातील कितीतरी मुले क्रेन, ट्रेलर, कंटेनर हे शब्द घरात बोलू लागली. तेच शिक्षण घेऊन हे १९९५ साली मस्कतच्या बंदरात लागले आणि १९९६ च्या डिसेंबरात मी गेले. मी तेव्हा डी. एड. होऊन एका शाळेत शिकवीत होते. राजीनामा देताना मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, "बिनपगारी रजा घेतेस का?" मी म्हटले, "कशाला? तिकडे नोकरी मिळेल की!" इतकी मी शहाणी!

मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर, तेथून टॅक्सीने सहार विमानतळ. पुढे मस्कत फक्त पावणेतीन तास. उरणहून एस. टी. ने पनवेलमार्गे मुंबईला जाऊन यायला त्याहून अधिक वेळ लागत असे. आता १२ जानेवारी २०२४ पासून उरणला लोकलही आली आणि त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला, त्यामुळे नव्या मुलींना हे खरे वाटणार नाही.

राजधानी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दिल्ली होती, मोठमोठे रस्ते नि मोठमोठ्या इमारती. मस्कतचे मूळ गाव पाहिले तर ते आपल्या करंज्यापेक्षा फार मोठे वाटेना. काळ्या उघड्या डोंगरांच्या कुशीत एवढीशी खाडी, तिच्या दोन अंगांना दोन किल्ले, जलाली आणि मिरानी, आणि मधोमध सुलतानाचा राजवाडा. हे किल्ले आजच्या रूपात पोर्तुगीजांनी उभे केले. १५०७ साली त्यांनी मस्कत घेतले, १६५० साली अरबांनी त्यांना हाकलले. आपले करंजा बेटही एके काळी याच पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजघराण्याने मस्कतला राजधानी केली. पुढे सईद बिन सुलतान या राजाने आपला मुक्काम थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांझिबारला हलविला. त्यामुळे आजही मस्कतमध्ये घरात स्वाहिली बोलणारी ओमानी माणसे भेटतात. आमच्या इमारतीची मालकीण त्यांतलीच होती. ती स्वाहिली, अरबी आणि थोडी हिंदी अशी मिसळ करून माझ्याशी बोले आणि भाडे मात्र स्वच्छ इंग्रजीत मागे.

तिनेच मला जुन्या मस्कतच्या गोष्टी सांगितल्या. १९७० पर्यंत रात्री या गावाचे दरवाजे बंद होत, आणि दरवाजे लागल्यावर कोणाला बाहेर पडायचे असेल तर हातात कंदील धरावा लागे. सगळ्या देशात तीन शाळा. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस यांनी वडिलांना बाजूला सारून गादी घेतली, तेव्हापासून २०२० च्या जानेवारीत ते वारले तोपर्यंत त्यांचीच सत्ता होती. या पन्नास वर्षांत जे रस्ते, शाळा, दवाखाने झाले, त्यांच्या विटा-मातीत भारतातल्या, पाकिस्तानातल्या, बांगलादेशातल्या मजुरांचा घाम आहे. १९७० पर्यंत तेथे आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला रुपयाही चालत असे, हे ऐकून मला मोठी गंमत वाटली होती. आज तेथे रियाल आहे. एका रियालचे हजार बैसे आणि आपले दोनशेहून जास्त रुपये. या गुणाकारातच तिथल्या बायकांची निम्मी बुद्धी खर्च होते. मीही पहिले वर्षभर टोमॅटो घेतला की आधी रुपये करायची, आणि टोमॅटो परत ठेवायची.

आमचे बिऱ्हाड रुवी भागात होते. दुकानात मल्याळी, गुजराती, सिंधी. बसस्टँडवर पाकिस्तानी टॅक्सीवाले. इमारतीचा राखणदार बांगलादेशी. मत्र्याच्या मासळीबाजारात गेले की सुरमई पाहून मला करंजा आठवे आणि भाव ऐकून रडू येई. गॅलरीत रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घातले तर नगरपालिका दंड करते, हे मला पहिल्याच आठवड्यात शेजारणीने धावत येऊन सांगितले. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापमान जाते, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये उघड्यावरचे काम दुपारी साडेबारा ते साडेतीन बंद ठेवायचा नियम आहे. तो पाळला जातो का, हे उन्हात काम करणाऱ्यालाच विचारावे.

आता मुद्द्याचे बोलते. नोकरीवर गेलेल्या माणसाला तेथे कामाचा व्हिसा असतो आणि त्याच्या मागे त्याचा मालक. ह्यांचे सगळे राहणे त्या मालकाच्या नावावर. मी गेले ती ह्यांच्या नावावर. म्हणजे हे तिथले पाहुणे आणि मी पाहुण्याची पाहुणी! कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नाही. करायची तर कामाचा वेगळा व्हिसा, त्यासाठी वेगळा मालक. मला हे विमानातून उतरल्यावर कळले. एका शाळेत अर्ज घेऊन गेले, तर तिथल्या कारकुनाने माझे कार्ड उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे फक्त राहू शकता."

फक्त राहणे किती अवघड असते, ते तेव्हा कळले. बँकेत खाते ह्यांचे, भाड्याचा करार ह्यांच्या नावाचा, पत्र यायचे तेही कंपनीच्या पोस्टबॉक्सवर, कारण घरोघर पोस्टमन येण्याची पद्धतच तेव्हा तिथे नव्हती. उरणला माझ्या पगाराच्या दिवशी मी आईला लुगडे घेतले होते. मस्कतला मला माझ्या आईला पन्नास रियाल पाठवायचे तर ह्यांना विचारावे लागे. ह्यांनी कधी नाही म्हटले नाही. पण विचारावे लागे! पुढे घरी चार मराठी मुलांना बालभारतीची पुस्तके उघडून शिकवू लागले. वह्या-पुस्तके दर सुट्टीत उरणहून नेत असे. त्याचे पैसे मागायचा धीर मला कधीच झाला नाही, कारण ते काम कागदावर नव्हतेच.

सुट्टी नसे तेव्हा कॅसेट. आजच्या मुलींच्या हातात मोबाईल आहे, त्यांना सांगते. तेव्हा फोनचा मिनिटाचा भाव ऐकूनच बोलणे विसरायला होई. म्हणून आम्ही टेपरेकॉर्डरसमोर बसून साठ मिनिटांची कॅसेट भरायचो आणि कोणी गावी निघाला की त्याच्या बॅगेत टाकायचो. सासूबाई एका कॅसेटमध्ये बोलता बोलता मधेच उठून कोंबड्या हाकलायला गेल्या होत्या. त्या हाकलण्याचा आवाज मी कितीदा ऐकला असेन!

२००१ साली सासरे वारले. फोन आला तो गुरुवारी दुपारी. तेव्हा तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे. शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ पासून. ह्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कचेरीतील कपाटात, किल्लीवाला साहेब गावाबाहेर. माझा पासपोर्ट माझ्याजवळ होता, परंतु कडेवर दोन वर्षांचा मुलगा, हातात एकही रियाल नाही आणि मी एकटी आयुष्यात कधी विमानतळावर गेले नव्हते. हे शनिवारी सुटले. उरणला पोहोचले तेव्हा सगळे उरकून सासूबाई ओसरीत बसल्या होत्या. मुलाला पाहून त्या काही बोलल्या नाहीत, पाणी काढून दिले. आजही हे बंदराकडचा रस्ता लागला की गप्प होतात. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवू नये, असे तिथल्या सरकारने पुढे बजावले. तरी मावशी, जावयांना पहिला प्रश्न हाच विचारा की पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे.

दुसरी एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करीत होते. भारताच्या पासपोर्टवर जात नसते, धर्मही नसतो. तिथल्या राहण्याच्या कार्डावर आपण केवळ 'भारतीय'. रुवीच्या दुकानदाराने, टॅक्सीवाल्याने, मालकिणीने मला अठरा वर्षांत कधी जात विचारली नाही. त्यांना तो शब्दच ठाऊक नव्हता. विचारली ती एका मराठी बाईंनी. वरच्या मजल्यावर राहत. मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की मी पहिल्याच दिवशी त्यांना घरी बोलावले. त्या आल्या, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, बसल्या आणि आडनाव विचारले. सांगितल्यावर गावही विचारले. मी चहा ठेवला, तर म्हणाल्या, "आत्ताच घेऊन आले हो." त्यानंतर जिन्यात भेटल्या की हसायच्या, पण पुन्हा दार ओलांडले नाही.

२००७ च्या जूनमध्ये गोनू वादळ आले. ५ आणि ६ जूनला मस्कत पाण्याखाली गेले. जिथे वर्षभर थेंब नाही, त्या कोरड्या ओढ्यांतून मोटारी वाहत गेल्या. सुमारे पन्नास माणसे दगावली. गंमत अशी की पाण्याच्या पुराने शहराचे पिण्याचेच पाणी तोडले. तिथे आपल्या रानसईसारखे शहराला पाणी पुरविणारे धरण नव्हते, समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडतात. ती गोडे करण्याची केंद्रे बंद पडली. कित्येक दिवस नळ कोरडे. आमच्या राखणदाराने वादळाआधीच गच्चीवरच्या टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. पण पुरवून वापरायचे म्हणून मालकिणीने किल्ली माझ्याकडे दिली. मी मास्तरीण, मला हिशेब येतो, असे तिला वाटे. रोज संध्याकाळी मी वही घेऊन गच्चीवर बसे आणि माणशी मोजून पाणी देई. तिसऱ्या दिवशी त्या बाई दोन कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी दोन्ही कॅन भरले, वहीत नाव लिहिले.

आपण रायगड जिल्ह्यातील माणसे, महाडच्या तळ्याची २० मार्च १९२७ ची गोष्ट आपल्याला कोणी सांगावी लागत नाही. त्या संध्याकाळी माझ्या मनात काय काय आले! पण बोलले काही नाही. त्या दिवाळीला त्यांनी फराळाचे ताट पाठविले. मी ताटात करंज्या घालून परत केले. त्यांनी त्या खाल्ल्या की नाही, हे मला अजून माहीत नाही. त्यांची मुलगी मात्र पुढे माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागली आणि माझ्याच ताटात जेवूही लागली, ते त्यांनी थांबविले नाही.

१४ एप्रिलला तिकडे कामाचा दिवस असला तर आम्ही पुढच्या शुक्रवारी कोणाच्या तरी हॉलमध्ये जमायचो. आठ-दहा कुटुंबे, नागपूर, औरंगाबाद, मुंबई, कुठकुठली. दारे लावून, हळू आवाजात वंदना आणि मग सगळ्यांच्या डब्यांचे जेवण. मी करंज्याचे सुके बोंबील नेत असे. एसीमध्ये त्याचा वास तीन दिवस राहायचा आणि मालकीण चौथ्या दिवशी येऊन विचारायची, आहे का अजून?

आमचे परतणेही आमच्या हातात नव्हते. मस्कतचे बंदर केवळ पर्यटकांच्या बोटींसाठी ठेवायचे आणि मालाची सगळी वाहतूक वर सोहारला न्यायची, असा तिथल्या सरकारने निर्णय केला, आणि २०१४ च्या ऑगस्टअखेर मत्र्यातले मालाचे काम थांबले. इकडे आमच्या शेव्याला एकावर एक नवे धक्के बांधले जात होते आणि तिकडे ह्यांच्या क्रेन खाली उतरवीत होते. महिनाभराची मुदत मिळाली. अठरा वर्षांचा संसार विकायला रुवीच्या गल्लीत मांडला. फ्रीज वीस रियालला गेला. नागरिकत्वाचा तर प्रश्नच नव्हता. मुलगा तिथेच जन्मला, तिथल्या भारतीय शाळेत शिकला, पण त्याच्याही कार्डावर मुदतीची तारीख होती.

उरणला आले तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. माझ्याबरोबर डी. एड. झालेल्या मैत्रिणी मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

तेव्हा मावशी, माझे उत्तर असे. पोरीला पाठवा, नवरा-बायकोने समुद्राच्या दोन काठांवर राहू नये. पण तिला जावयाच्या व्हिसावर पाठविण्याची घाई करू नका. ती नर्स आहे, आणि नर्सला त्या देशात मागणी आहे. तिथे काम करायचे तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्रांची पडताळणी होते, दवाखान्यातला अनुभवही मोजतात. हे सगळे इथे पनवेलच्या नोकरीत राहूनच करता येते. नोकरी सोडली की अनुभवाची वर्षेही तिथेच तुटतात. सहा महिने, वर्ष लागेल. लागू द्या. जावयांनाही नीट समजावून सांगा, त्यांचे चुकते आहे असे नव्हे. एकट्या पुरुषाने चार जणांच्या खोलीत राहून रात्री स्वतः भात शिजवायचा, त्याला बायको हवीशी वाटणारच.

एक लक्षात असू द्या. आखाती देशांत नर्स म्हणून निघालेल्या मुलीला, ती कितीही शिकलेली असली तरी, २०१५ पासून आपल्या सरकारची परवानगी लागते, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेतूनच घ्यायची. कोणी एजंट म्हणाला, मी भेटीच्या व्हिसावर नेतो, तिकडे गेल्यावर बदलून देतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. नोंदणी असलेल्या एजंटालाही तीस हजार रुपये आणि वर कर, याहून जास्त घेता येत नाही. लाख, दीड लाख मागणारे पनवेलच्या स्टँडवर भेटतात. त्यांच्यापायी दागिने गहाण पडलेली दोन घरे मला आपल्याच तालुक्यात ठाऊक आहेत. तिथे गेल्यावर अडचण आली तर भारतीय वकिलातीत तक्रार ऐकण्याचा ठराविक दिवस असतो, तो विचारून ठेवावा. आणि एक सुधारणा खरी झाली आहे. पूर्वी जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र नसेल तर दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. १ जानेवारी २०२१ पासून कराराची मुदत संपल्यावर त्या पत्राची गरज उरलेली नाही. आमच्या वेळी हे असते तर आम्ही २००१ नंतर त्या कंपनीत एक दिवस राहिलो नसतो.

हे लिहून झाले आणि काल मावशी मुलीला घेऊनच आल्या. मुलगी हुशार आहे, फाईल बरोबर आणली होती. मी एकेक कागद पाहिला. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ठीक, अनुभवाचा दाखला ठीक. लग्नाचा दाखला मागितला तर तिने अल्बम पुढे केला. विहारात झालेल्या लग्नाचे सुंदर फोटो, भंतेजींची सही असलेली पत्रिकाही होती, पण नोंदणी नाही. १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात लग्नाची नोंद करावी लागते, आणि त्या दाखल्यावाचून पुढे कधी कुटुंबाचा व्हिसा होणार नाही. शिवाय शाळेच्या दाखल्यात वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. माझाही पासपोर्ट याच कारणाने चार महिने अडकला होता.

मुलीने विचारले, "मावशी, तुम्ही तिथं काय काम करत होतात?"

मी तिला पाण्याच्या वहीची गोष्ट सांगितली. ती वही मी अजून ठेवली आहे. उद्या, सोमवारी, आम्ही तिघी सकाळी अकराला नगरपरिषदेत जाणार आहोत, दाखल्याचा अर्ज भरायला.